आवडत्या मैदानांची फेरिस्त

स्वतःला करता न येणाऱ्या गोष्टीविषयीसुद्धा मनुष्यास ठाम आवडनिवड असली पाहिजे, असा एक अलिखित दंडक अलीकडे सुशिक्षित समाजात रूढ झाला असून, त्याला अनुसरून पोहता न येणारे लोक समुद्रकिनाऱ्यांची प्रतवारी लावतात आणि ज्यांना यमन व भूप यांतील भेद कळत नाही ते घराण्यांची भांडणे हिरिरीने लढतात. परंतु हा दंडक तापीच्या खोऱ्यातही लागू झाला आहे, हे मला कळले ते जळगावातील एका लग्नाच्या पंगतीत. मे महिना होता. पारा ४५ अंशांवर स्थिरावला होता, मांडवातील कूलर गरम वाऱ्याला थोडा ओलसर वास लावून तो पुन्हा आमच्याच अंगावर पाठवीत होते, पानात वरण, बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती, आणि माझ्या शेजारी पुण्याहून आलेले वरपक्षाकडील एक गृहस्थ होते. बट्टीवर तूप घेता घेता त्यांनी अगदी सहज विचारले,

"डोंगराळ मुलखातलं तुमचं आवडतं गोल्फचं मैदान कोणतं?"

तूप थांबविण्यासाठी उचललेला माझा हात जागच्या जागी राहिला आणि वाढप्याने तो हात आशीर्वादाचा समजून पानात तुपाचे तळे केले. माझ्या पलीकडे आमचे स्नेही रावसाहेब बसले होते. रावसाहेब सेवानिवृत्त मामलेदार. उभी हयात जमाबंदी, पीकपाहणी आणि आणेवारी यांत घालविल्यामुळे, कोणत्याही प्रश्नाला 'माहीत नाही' असे उत्तर देणे म्हणजे सरकारच्या इभ्रतीस बाध आणणे होय, अशी त्यांची पक्की धारणा आहे. त्यांनी शांतपणे बट्टी कुस्करली, वरण कालविले आणि सांगितले,

"गुलमर्ग. पण हल्ली तिथं पूर्वीची मजा राहिली नाही."

रावसाहेबांनी आयुष्यात अनुभवलेली सर्वांत थंड हवा ही मनमाडच्या फलाटावरील पहाटेची होय. तथापि पुण्याच्या गृहस्थांनी "अगदी खरं!" असे इतक्या तत्परतेने म्हटले की, यांनीही गुलमर्ग पाहिले नसावे असा दाट संशय मला आला. मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुमचं?" मी म्हटले, "माझंही तेच." स्वतःचे मत नसलेल्या मनुष्याशी किती वेळ बोलावे याला मर्यादा असते; उरलेली पंगत त्यांनी माझ्याकडे पाठ करून उरकली.

वास्तविक खानदेशात डोंगरांची वाण नाही. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा आणि अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे, अशी तिन्ही बाजूंनी निसर्गाने सोय करून ठेवली असता, या मुलखात गोल्फ का रुजला नाही, याचा दोष रावसाहेब सरळ साहेबाच्या पदरात घालतात. खानदेश इंग्रजी अमलाखाली आला १८१८ साली. कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्यास सरळ रेषांचे नवे शहर आखले, पण त्या रेषांच्या टोकाला एक छिद्र पाडून त्यात निशाण रोवण्याची बुद्धी त्यांना झाली नाही. १८२५ साली जेम्स औट्रम यांनी भिल्ल पलटण उभी केली. चाळीसगाव-कन्नडचा घाट अद्याप त्यांचे नाव मिरवितो. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. म्हणजे तिकडे हुगळीच्या काठी साहेब चेंडूमागे चालत होते, त्याच सुमारास आमच्याकडचे साहेब वाघामागे धावत होते. "वाघ थोडे कमी असते," रावसाहेब हळहळून म्हणतात, "तर आज आपली ही नामुष्की टळली असती."

त्या पंगतीनंतर मात्र रावसाहेबांनी या विषयाचे रीतसर दप्तर उघडले. लाल फडक्यात बांधलेल्या त्या दप्तरात 'पहाडी मैदानांची फेरिस्त' म्हणून एक तक्ता असून, त्यास मैदानाचे नाव, उंची, लागवडीचा तपशील आणि शेरा असे रकाने आहेत. ज्ञातीतील, खात्यातील आणि सैन्यातील जो कोणी डोंगरावर जाऊन आला असेल त्याचा जबाब घेऊन हा तक्ता भरला जातो. गुलमर्ग, उंची सुमारे २६५० मीटर, हिवाळ्यात सर्व मैदान बर्फाखाली. शेरा : 'खरीप एकच. रब्बी पडीक.' शिमल्यानजीकचे नलडेहरा, देवदारांचे बन. हे स्थळ लॉर्ड कर्झन यांना इतके भावले की त्यांनी आपल्या धाकट्या कन्येच्या नावात ते गोवले. शेरा : 'मुलीच्या नावे जागा करण्याऐवजी जागेच्या नावे मुलगी केली. फेरफार संशयास्पद.' शिलाँग, १८९८ साली नऊ छिद्रे, १९२४ साली अठरा. शेरा : 'छिद्रे दुप्पट. वाढीव आकारणी दिसून येत नाही.' कोडाईकनाल, स्थापना १८९५, मैदानावर रानगवे येऊन चरतात. शेरा : 'चराईची पावती तपासावी.' राणीखेत, लष्कराच्या ताब्यातील मैदान, समोर हिमालयाची शिखरे. शेरा : 'हद्दीबाबत हरकत घेऊ नये.' आणि सर्वांत शेवटी सिक्कीममधील कुपुप, समुद्रसपाटीपासून १३,०२५ फूट, जगातील सर्वांत उंचावरच्या मैदानांत ज्याची गणना होते ते. तेथे मात्र रावसाहेबांनी नुसते 'दम्याच्या रोग्यास नामंजूर' एवढेच लिहिले आहे, कारण त्यांना स्वतःला दमा आहे.

या तक्त्याच्या बळावर रावसाहेबांचा गावात दरारा बसला. एखादा नातू-भेटीहून परतलेला गृहस्थ चहाच्या टपरीवर परदेशातील गोल्फची गोष्ट सांगू लागला, की रावसाहेब मध्येच "किती मीटर?" एवढाच प्रश्न विचारीत, आणि त्या गृहस्थाचा चहा थंड होई. वस्तुतः प्रत्यक्ष खेळण्याची जरुरी आम्हां कोणालाच वाटली नसती. परंतु दिवाळसणाला सासऱ्याने जावयास काही द्यावे ही सनातन रीत मोडून, रावसाहेबांच्या पुणेकर जावयाने स्वतः नवा संच घेतला आणि जुन्या काठ्यांची पिशवी सासऱ्यांच्या चरणी अर्पण केली. पिशवीत चौदा काठ्या होत्या. नियमानेच चौदाहून अधिक बाळगता येत नाहीत, असे जावईबापूंनी समजाविले, तेव्हा वहिनी माजघरातून म्हणाल्या,

"घरात कोळ्याची जाळी काढायला एक काठी धड नाही, आणि चेंडू ढकलायला चौदा?"

त्यांतील सर्वांत लांब काठी दुसऱ्याच दिवसापासून जाळी काढण्याच्या कामी रुजू झाली, आणि रावसाहेब तेरा काठ्यांचे धनी राहिले.

आता खेळ प्रत्यक्ष पाहणे प्राप्त होते. नाशिकास रिक्षावाल्याला "गोल्फ क्लब" म्हणताच त्याने एक शब्द न विचारता आम्हांला नेमके आणून सोडले, तेव्हा नाशिककरांच्या नागरी संस्कृतीविषयी माझे मन आदराने भरून आले. समोर विस्तीर्ण मैदान होते. त्यावर पोरे क्रिकेट खेळत होती, काठाने पांढऱ्या बुटांतील ज्येष्ठ नागरिक आपापली साखर कमी करीत झपाझप चालत होते, आणि या मैदानाचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे असून येथे रणजी करंडकाचे सामने झाले आहेत, ही माहितीही मिळाली. रावसाहेबांनी एका चालणाऱ्या गृहस्थांना थांबवून विचारले, "येथे गोल्फ कोठे खेळतात?"

"गोल्फ?" ते गृहस्थ चकित होऊन म्हणाले, "अहो, हा गोल्फ क्लब आहे! इथं कोण गोल्फ खेळणार?"

या उत्तरातील तर्क इतका निर्दोष होता की रावसाहेबांनी त्याची टिपण्णीच करून घेतली.

अखेर आमचे तिसरे भिडू, धुळे तालुक्यातील बागाईतदार आप्पा, यांनी लळिंगच्या किल्ल्याच्या अंगाला असलेले आपले पडीक रान देऊ केले. डोंगर समोर होता, किल्ला वर होता; पहाडी मैदानास आणखी काय हवे? नियमाप्रमाणे छिद्राचा व्यास सव्वाचार इंच हवा. आप्पांच्या सालदाराने पहारीने जे उघडले त्यात आंब्याचे कलम सहज लागले असते, पण रावसाहेबांनी 'अंदाजे बरोबर' असा शेरा मारून ते मंजूर केले. एका गोष्टीकडे मात्र चौघांपैकी कोणाचेच लक्ष गेले नव्हते. मार्गशीर्षाचे दिवस होते, पडीक रानाला लागून आप्पांचा दहा एकर कापूस होता, आणि त्याची सगळी बोंडे फुटून शेत पांढरेशुभ्र झाले होते. रावसाहेबांनी पवित्रा घेतला, वाऱ्याची दिशा पाहिली, धोतराचा सोगा खोचला आणि आयुष्यातील पहिला फटका मारला. चेंडू पांढरा होता. तो कापसात गेला.

पांढऱ्या कापसात पांढरा चेंडू शोधणे ही काय शिक्षा आहे, ते स्कॉटलंडच्या नियमकर्त्यांना कसे कळावे? पूर्वी चेंडू शोधण्यास पाच मिनिटांची मुदत असे. २०१९ सालापासून ती तीन मिनिटांवर आणली आहे. "तीन मिनिटांत?" रावसाहेब गरजले, "तीन मिनिटांत कचेरीत शिपाई घंटेला ओ सुद्धा देत नाही!" आम्ही चौघे वाकून ओळीओळींनी हिंडू लागलो. वेचणीच्या बाया किलोच्या भावाने वेचीत होत्या, त्यांना वाटले मालकाने फुकटची माणसे आणून त्यांच्या रोजगारावर घाला घातला. त्यांनी हात थांबविले. चेंडूची गोष्ट समजावून सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की वेचणी आणखी अर्धा तास तहकूब झाली. मग एका म्हाताऱ्या बाईने ओटीतून काहीतरी काढून, ते दाबून, चावून पाहून विचारले,

"आप्पा, हाई कसानं बोंड शे? फुटतच नही!"

चेंडू मिळाला, पण बाई तो वजनात धरल्याखेरीज देईनात. गोल्फच्या चेंडूचे वजन नियमाने ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक असू नये. एवढ्या कापसाचे पैसे काढण्यासाठी आमचे चौथे भिडू, गणिताचे गुरुजी, यांना कागद-पेन्सिल घ्यावी लागली. त्यानंतर आणखी जे चेंडू त्या शेतात गेले ते तेथेच राहिले, कापसाबरोबर गाठोड्यांत बांधले गेले आणि व्यापाऱ्याच्या दारी पोचले. व्यापाऱ्याने वजनात काट धरली, आणि आप्पांच्या घरी गोल्फ हा शब्द उच्चारण्यास मनाई झाली.

गुरुजी स्वतः काठी हातात धरीत नाहीत. "मी सिद्धान्ताकडचा," असे ते म्हणतात. पण त्यांनी जो सिद्धान्त मांडला त्याने आमच्या मंडळात खळबळ उडाली. उंचावर हवा विरळ असते, तिचा अटकाव कमी होतो, म्हणून पहाडातील मैदानावर चेंडू अधिक लांब जातो, हे सर्वांस विदित आहे. परंतु हवा तापली तरीही विरळच होते, हे लोक विसरतात. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंच. पण मे महिन्यात भर दुपारी ४५ अंशांची हवा आकडेमोडीने तपासली, तर ती सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळच्या हिवाळी सकाळच्या हवेइतकीच जवळजवळ विरळ भरते.

"म्हणजे," रावसाहेब खुर्चीतून उठले, "चेंडूच्या दृष्टीनं मे महिन्यात जळगाव हे थंड हवेचं ठिकाण आहे?"

"चेंडूच्या दृष्टीनं," गुरुजींनी दुजोरा दिला. "खेळणाऱ्याच्या दृष्टीनं नव्हे."

खातरजमा करण्यासाठी तोरणमाळ गाठणे आले. हे पठार सुमारे ११५० मीटर उंचीवर असून पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. हे दुःख रावसाहेब शहाद्यापासून घाट चढेपर्यंत करीत होते. "आपल्या हद्दीत असतं तर एक बंगला, एक शिपाई आणि दोन घोड्यांची तजवीज झाली असती." प्रत्यक्षात बसमध्ये आमच्या पिशवीलाच जागा मिळाली, आम्ही उभे. एका प्रवाशाने यशवंत तलावात मासे धरायचे गळ असावेत असा कयास बांधला, दुसऱ्याने पिशवीपासून दोन आसने दूर सरकून दबल्या आवाजात विचारले, "साप धरणारे का?" रावसाहेबांनी गोल्फचे तपशीलवार विवेचन केले. त्यानंतर तो प्रवासी तिसऱ्या आसनावर सरकला.

तलावाच्या अलीकडे गवताची एक बरी पट्टी पाहून आम्ही निशाण रोवले. हवा खरोखरच विरळ असावी, कारण पहिल्या फटक्यासरशी माझ्या काठीने उपटलेले ढेकूळ फार लांब गेले. चेंडू जागेवरच होता. दुसऱ्या खेपेस तो दगडावर आपटून माझ्याच मागे येऊन पडला, आणि गुरुजींनी तो वजा अंतर म्हणून मांडला. आप्पांनी घरच्या मनाईचे कारण सांगून फक्त डबा राखला. राहता राहिले रावसाहेब. त्यांनी मारलेला तो फटका मी विसरणार नाही. काठी सुरेख फिरली, टणत्कार झाला, चेंडू गुलमर्गास शोभेल अशा कमानीने उंच चढला, निशाण त्याच्या खाली राहिले, झाडे त्याच्या खाली राहिली, पठारही खाली राहिले, आणि तो सीताखाईच्या दरीत अंतर्धान पावला. शेळ्या राखणारा एक मुलगा हे सर्व मघापासून पाहत होता. तो जवळ आला.

"बाबा, चेंडू तर खाली गेला. आता?"

"आता नियमाप्रमाणे दंड," रावसाहेब म्हणाले.

"किती?"

"एक फटका."

मुलगा दोन पावले मागे सरला. "मी नाही टाकला खाली," तो म्हणाला.

कोणतीही वस्तू गहाळ झाली असता पंचनाम्याखेरीज जागा सोडू नये, हा रावसाहेबांचा नोकरीतील दंडक. त्यांनी तेथेच खडकावर बैठक मारून मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला : आम्ही खाली सही-अंगठा करणार पंच लिहून देतो की, मौजे तोरणमाळ येथील पठारावरून एक पांढरा चेंडू, अंगावर बारीक खळगे असलेला, किंमत अज्ञात, मालकाच्या हस्ते पण मालकाच्या इच्छेविरुद्ध दरीत गेला, चतुःसीमा : पूर्वेस हवा, पश्चिमेस हवा, उत्तरेस शेळ्या, दक्षिणेस पंच. शेळीवाल्या मुलाने वाचून पाहिले, 'शेळ्या' या शब्दाखाली रेघ मारून त्यापुढे 'अकरा' असे घातले आणि झोकदार सही केली. रावसाहेब त्या एका दुरुस्तीवर इतके प्रसन्न झाले की, हा पोरगा महसूल खात्यात गेला पाहिजे, असे ते परतीच्या सबंध घाटात बोलत होते.

फेरिस्तीची अंतिम रुजवात गेल्या पौर्णिमेस झाली. गुलमर्ग दुसऱ्या क्रमांकावर गेले. नलडेहऱ्याचा फेरफार चौकशीसाठी राखून ठेवला आहे. तोरणमाळ तिसरे, मात्र 'जिल्हा बदलल्यामुळे नाइलाजाने' अशी पुस्ती जोडून. पहिला क्रमांक जळगावास देण्यात आला आहे : मे महिना, वेळ दुपारी दोन ते चार, शेरा 'येथे अद्याप कोणी खेळलेले नाही, सबब तक्रार नाही.' पुण्याच्या त्या गृहस्थांस याची नक्कल पाठविली असता त्यांचे उलट टपाली उत्तर आले की, जळगावचे मैदान त्यांचेही फार दिवसांपासून आवडते असून हल्ली तेथे पूर्वीची मजा राहिलेली नाही.

तोरणमाळास जाणाऱ्या वाचकांस विनंती एवढीच, की सीताखाईच्या तळाशी पांढरा चेंडू कोणास आढळल्यास तो रावसाहेबांकडे पोचवावा आणि सोबत शोधल्याचा वेळ नमूद करावा. तीन मिनिटांपेक्षा जास्त लागला असेल तर चेंडू आपणच ठेवावा. तो नियमाने आमचा राहिलेला नाही.